दाजींनी दुरुस्त केलेला नळ

॥ श्री ॥
झरी, माघ वद्य ५, शके १८६२

चि. किशनरावास पार्वतीआक्काचे अनेक आशीर्वाद. नळ सोडून इकडं सगळे खुशाल हाईत.

हसू नको, पण तुझ्या दाजीनी नळ दुरुस्त करायला घेतलाय. ज्या माणसाला कंदिलाची वात सरळ कापता येत न्हाई, तो माणूस न्हाणीत पाना घिऊन बसायलाय. आन् नळ बिघडला होता का? मुळीच न्हाई. मामंजींनी मानवतच्या मोडीत निघालेल्या जिनिंगातून लोखंडी नळ्या आणून मळ्यातल्या हौदापासून घरापर्यंत तो आणला. पाणी वाहून सुनेची मान मोडायलीय म्हणून आणला, असं ते चारचौघांत सांगत. ते गेले, पण नळ कधी कुरकुरला न्हाई. कुरकुर केली ती त्यायच्या लेकानं.

पौषात ह्यायनी बुवाकडून माळ घातली. घालू द्या म्हणलं, मटणाचा मसाला वाटायचा वाचला. मग वहाणा गेल्या आन् खडावा आल्या, दिवसभर घरात खटखट. मग घरात चामडंच नको झालं. कातडी पाकीट गेलं, भजनाची ढोलकी गेली. तेवढ्यात कुण्या शहाण्यानं सांगितलं, नळाच्या तोटीत बी चामड्याचा वाशर असतो. रुपयाएवढी चकती, तोटी पिळली की ती दाबून बसते आन् पाणी थांबतं. झालं! लगेच तोटी उघडली, सांडशीनं चकती धरली आन् नाक मुरडत उकिरड्यावर नेऊन टाकली. तिच्या जागी स्वतःच्या पूजेला नेसायच्या मुकट्याचा तुकडा घडी करून बसवला. मुकट्याला सोवळं कळतं, पाणी अडवायचं कळत न्हाई. रात्रभर गळून सकाळी हौद रिकामा.

मी एवढंच विचारलं की हौदात पाणी पडतं कशानं? मोटेनं. मोट कशाची? आख्ख्या बैलाच्या कातड्याची! तर म्हणाले, मोट शेतात हाय, वाशर घरात होता, आन् वाहतं पाणी आपसूक शुद्ध होतं. असल्या माणसापुढं कपाळ बडवावं तर आपलंच दुखतं.

मला खरी काळजी लेकीची, मनकर्णेची. दोनदा पोरीची कूस रिकामी झाली, ह्या खेपेला टिकलंय. पाथरीला सासू तिला दळणावरून उठू देत न्हाई, दोन्ही खेपेला पोट तिथंच पडलं. म्हणून आठव्यात इकडं आणायची हाय. बाळंतपण म्हणजे सारा पाण्याचा खेळ. मुंजाजी सालगडी पाणी आणतो म्हणतो, तर त्याच्या हातचं आता ह्यायला चालत न्हाई. कामाच्या दगडाबाईच्या हातचं बी न्हाई. राहिलं कोण? मी. नळ चालू न्हाई राहिला तर व्याही पोरगी परत मागतील, आन् मला न्हाई म्हणायला तोंड राहणार न्हाई.

तू रेल्वेत हाईस, काही बिनचामड्याचं सापडतं का बघ. लोभ हाय तो असू दे, आन् पत्राला उशीर करू नको.

तुझी आक्का

———

पूर्णा, फाल्गुन शु. ३

ती. सौ. आक्काच्या चरणी किशनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसू नको लिहिलंस, म्हणून कचेरीत हसलो नाही, घरी येऊन हसलो. केवळाबाईने विचारले, काय झाले. सांगितल्यावर ती पोळी तव्यावर करपेपर्यंत हसली. तेव्हा करपलेली पोळी दाजींच्या नावे.

इथे लिंबाजी म्हणून एक फिटर आहे, इंजिनाला पाणी देणाऱ्या नळांचे काम करतो. त्याला पाठवतो म्हणून मी दाजींना मागच्याच आठवड्यात लिहिले होते. त्यांनी कळवले की शेंबड्या पोराला जमेल अशा कामाला फिटर लागत नाही. ते शेंबडे पोर तरी कुठून पैदा करावे, ही पंचाईत आहे.

सोबत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पाठवतो. त्याच्या दोन-तीन चकत्या कापून एकावर एक बसवायच्या. रबर झाडाच्या चिकाचे असते, त्यात कोणाचा जीव गेलेला नाही, हे बुवांना पटवून द्यावे. मात्र तोटी हलक्या हाताने पिळायची. दाजींचा हात हलका नाही, आणि डोके जड आहे, म्हणून हे दोनदा लिहितो: हलक्या हाताने.

मनकर्णेला माझा आशीर्वाद सांग. जड उचलू देऊ नकोस. माया करतेस तशीच करत राहा.

तुझा किशन

———

॥ श्रीहरि ॥
झरी, फाल्गुन शु. १२

रा. रा. किशनराव यांस बन्सीधर यांचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपण धाडलेले रबर पावले. बुवांस विचारले. ते वृक्षज आहे असे समजल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. मी स्वतः चकत्या कापल्या आणि बसवल्या. आता थेंब नाही. घरातील मंडळींनी या कामाची जी टवाळी चालवली होती, ती आता बंद पडली आहे, निदान माझ्यासमोर तरी.

आपल्या खात्यातील लोकांनी नळ म्हणजे मोठी गूढ विद्या करून ठेवली आहे. माझ्या अनुभवास आले ते असे की सर्व काम जोराचे आहे. हाताने पिळून समाधान होत नसेल तर तोटीच्या मुठीत पहार अडकवून पिळावी. पहारीने जी गच्च बसते ती फिटराच्या बापाला बसत नाही. आपण हलक्या हाताचे लिहिले आहे. कारकुनी हातास ते शोभते.

मनकर्णेस दोन दिवसांत आणतो आहे. आपल्या भगिनी रागीट आहेत, पण त्याची मला सवय आहे. आपला स्नेह पूर्वीप्रमाणे ठेवावा.

बन्सीधर

———

झरी, फाल्गुन वद्य १०

चि. किशनरावास आशीर्वाद.

पहार! किशन, पहार! तोटीला पहार लावणारा माणूस तू जन्मात कधी बघितला होतास का? मी तर त्याच्याशी संसार करायलेय.

दोन दिवस थेंब न्हाई, हे खरं. तिसऱ्या दिवशी मनकर्णा यायची म्हणून हे तोटीवर शेवटचा हात फिरवायला गेले. आत रबराचा चावून चोथा झाला होता. तर ह्यायनी अजून जोर लावला. आटे गेले आन् तोटी हातात आली! पाणी छातीवर. हे अंगठा लावून उभे आन् माझ्या नावानं ओरडायलेत, मी दगडाबाईला हाका मारायलेय, ती दारात येऊन पदर तोंडात कोंबून हसायलीय. मुंजाजी मळ्यात पळत गेला आन् हौदाच्या तोंडात बाभळीची खुंटी ठोकली, तवा पाणी थांबलं. भिजलेल्या मांजरावानी उभे होते, तरी तोंडानं हेच, की नळ्या जुन्या हाईत!

आता खरं ऐक. त्या ओढाओढीत भिंतीतला सांधा निखळला. तो ह्यायनी स्वतःच भरला. अंबाडीचा काथ्या, चुना, उडदाचं पीठ आन् गूळ. म्हणे जुन्या लोकांनी देवळं अशीच बांधली. देवळं बांधली असतील, पण नळात गूळ घातला नव्हता. खुंटी काढून बघितली तर सांधा पाझरायचा तो पाझरलाच, वर गुळाला मुंग्या. भिंतीच्या ह्या अंगाला न्हाणी, त्या अंगाला बाळंतिणीची खोली. आपली पांढऱ्या मातीची भिंत, ती भिजून फुगली आन् हाताएवढा पोपडा पडला. मनकर्णेची बाज मी दुसऱ्या भिंतीला लावली. पोरगी मुंग्या झाडत बसते आन् हसते, बापाला बोलू नको म्हणते.

पुन्हा खुंटी ठोकली. नळ मेला. रोज मळ्यातल्या हौदावरून घागरी मी आणायलेय. उन्हं तापली. परवा माझी पाठ धरली तर ही पोरगी गुपचूप घागर घिऊन निघाली होती. वेशीपासून ओढत आणली मी तिला. ओरडले, मग रडले.

काल व्याही येऊन गेले. भिंत बघितली, मान हलवली. लय गोड बोलले. म्हणाले, तुमची अडचण दिसायलीय, पुनवेपर्यंत पाण्याची सोय झाली न्हाई तर आमची सून आमी घिऊन जाऊ. ह्यायनी त्यायला सांगितलं की नवा सांधा आपण उद्याच भरतो! मी आत चुलीपुढं कपाळाला हात लावला.

किशन, पोरगी तिकडं गेली तर ह्या खेपेला बी रिकाम्या हातानं परत येईल. तूच काहीतरी कर. जीव लावत राहा, दुसरं काय लिहू.

आक्का

———

पूर्णा, चैत्र शु. २, शके १८६३

ती. दाजींस किशनचा नमस्कार.

आजवर वडीलधारे म्हणून तोंड बंद ठेवले, आता ठेवत नाही. आपण नळ बिघडवलात, त्याचे काही नाही. अडाणीपणाने माणसे काय काय बिघडवतात. पण आपण तो देवाच्या नावाने बिघडवलात आणि त्याचे ओझे माझ्या बहिणीच्या डोक्यावर दिलेत. आपले सोवळे आपल्या अंगाला कुठे लागते ते सांगा. खडावा आपण घालता, घागरी ती वाहते.

आणि ते सोवळे तरी कसले! बैलाच्या कातड्यातून उपसलेले पाणी आपण गटागटा पिता. रुपयाएवढ्या चामड्याने बाटता आणि हौदभर चामड्याने बाटत नाही? हा हिशेब आपल्या बुवांच्या पोथीत असेल, माझ्या अकलेत बसत नाही. गावात लोक आपल्याला तोंडावर बन्सीधरराव म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मुंजाजीला विचारा.

पौर्णिमेच्या आधी मी येतो आणि मनकर्णेला पूर्णेला घेऊन जातो. माझे क्वार्टर दोन खोल्यांचे आहे, पण तोटी पिळली की पाणी येते. तिथे तिचे नीट होईल. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, मामाच्या घरी झाले तर लोक बापाला हसतील. हसू देत.

रागाने लिहिले आहे, पण परके समजू नये.

किशन

———

॥ श्रीहरि ॥
झरी, चैत्र शु. ८

रा. रा. किशनराव यांस नमस्कार.

पत्र दोनदा वाचले. मोटेविषयी आपण लिहिता ते खरे आहे. म्हणून कालपासून घरात मोटेचे पाणीही बंद केले. हौदातले नको, विहिरीतून बादली-कासऱ्याने शेंदलेले तेवढेच घरात येईल.

आता एक सांगतो. मनकर्णेचे दुसरे गेले तेव्हा मी पाथरीस गेलो होतो. पोर ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, दादा, माझ्याच्यानं होईना. एवढेच. परतताना वाटेत देवीपुढे उभा राहिलो आणि बोलून गेलो की पुन्हा दिवस राहून पाचवा सरला, की तिथून हिचे मूल माझ्या मांडीवर येऊन त्याचे बारसे होईपर्यंत घरात चामडे येऊ देणार नाही. चामडेच का, हे मला आज सांगता येणार नाही. त्या वेळी पायात वहाण होती, तिच्याकडे नजर गेली असेल. पुढे दिवस राहिले, पौषात पाचवा सरला. आता ती चकती परत बसवण्याची माझी छाती होत नाही. आपण शिकलेले आहात, आपण हसाल. आपल्या भगिनीला सांगितले नाही, कारण ती हसेल, आणि ती हसली की माझा धीर जातो.

नळाच्या कामात माझे चुकले असेल. पण पोर नेऊ नका. तिला माझ्या घरात असू द्या.

बन्सीधर

———

झरी, चैत्र वद्य १

चि. किशनरावास आशीर्वाद.

तू ह्यायचं पत्र हाय तसं मला धाडलंस. ह्यायनी लपवलेलं सांगितलंस, बरं केलंस. तू आला न्हाईस, ते बी बरं केलंस.

वाचलं आन् आधी संतापच आला. देवीला काय तोट्या उघडून वाशर मोजायचं काम हाय का? नवस करायचा तर साडी-चोळी बोलावी, नारळ बोलावा, उपास धरावा. ह्या माणसानं नवस बोलला स्वतः आन् फेडायला लावला मला! आन् तुझी अक्कल तरी बघ. मोटेचा टोमणा मारून काय मिळवलंस? आधी हौदात घागर बुडवून आणत होते, आता हात हातभर खाली-वर करून विहिरीतून शेंदायचं. शहाण्याला टोमणा मारावा, खुळ्याला मारला की तो खरा मानतो.

मग मी काय केलं ते सांगते. घागरी उंबऱ्यात उपड्या घातल्या, चुंबळ त्यावर ठेवली, आन् ह्यायला सांगितलं की नवस कळला, मी हसले न्हाई, पण ज्याचा नवस त्याची घागर. आन् पोरीच्या अंगाखालची बाज मी हलवणार न्हाई, पाणी भरलं तर ती इथंच बाळंत हुईल. एवढं बोलून मनकर्णेजवळ जाऊन बसले. वाटलं, आता हे बुवाकडं जातील न्हाईतर ओरडतील.

मग खडावा काढल्याचा आवाज आला. दारातून बघितलं तर घागर खांद्यावर घिऊन अनवाणी निघाले होते.

किशन, आपल्यात बाप्ये पाणी भरत न्हाईत हे तुला सांगायला नको. पहिल्या दिवशी घागर डोक्यावर घ्यायला गेले, चुंबळ घसरली, घागर फुटली. आख्खी गल्ली दारात. दुसऱ्या दिवशी खांद्यावर घेतली. पारावरच्यांनी बन्सीधरबाई म्हणून हाक मारली. पुढच्या दिवशी पोरं मागं लागली. मी बी हसले, खोटं कशाला बोलू? कासऱ्यानं हात सोलले, तरी शेंदताना निम्मं पाणी परत विहिरीत सांडायलेत. पाणी भरायचं बी ह्यायला धड जमत न्हाई. व्याही पुनवेला आले, रांजण भरलेले बघितले, भरतंय कोण ते बी बघितलं. पाणी न पिताच उठले, पोरीचं नाव काढलं न्हाई.

सगळ्यांना आशीर्वाद. ओढ असू दे.

आक्का

———

पूर्णा, वैशाख शु. १०

ती. सौ. आक्काच्या चरणी नमस्कार.

तार पावली. मनकर्णेला मुलगी, दोघी सुखरूप. केवळाबाई साखर वाटत फिरते आहे. दाजींना नातू हवा असेल तर त्यांना सांग, आता नवसात वहाणा सोडून काही वेगळे बोला.

बारसे झाल्यावर नवस संपला ना? मग मी लिंबाजीला सुट्टी काढून पाठवतो. परभणीच्या बाजारात लढाईमुळे लोखंडी वस्तू मिळेना, तरी एक चांगली तोटी मिळवली आहे, चामड्याच्या वाशरसकट. तो भिंतीतला सांधाही बसवून देईल. जेवायला घाल म्हणजे झाले. दाजींचे हात आता तरी सुटू देत.

सदैव तुझाच,
किशन

———

झरी, वैशाख वद्य १२

चि. किशनराव, केवळाबाई यांस अनेक आशीर्वाद.

बारसं झालं. नाव कासाबाई ठेवलं, ह्यायच्या आईचं. नातू न्हाई म्हणून कुणी हळहळलं तर ह्यायनी त्या माणसाला दारातूनच वाटंला लावलं. पोरगी मांडीवर घेतली आन् उठेचनात, शेवटी दूध पाजायला ओढून घ्यावी लागली.

बायना सुईण म्हणायली, एवढं पाणी तिला कोणत्याच बाळंतपणात मिळालं न्हाई. ज्या दिवशी मनकर्णा अडली त्या दिवशी हे किती खेपा करायलेत ते त्यायचं त्यायलाच कळत नव्हतं. घंगाळ भरलं, रांजण भरले, हंडे भरले, तरी आणायलेतच. बायना ओरडली की आता ठेवायला भांडं न्हाई. तर अंगणात दारापाशी घागर तशीच खांद्यावर धरून उभे राहिले, आतून रडणं ऐकू येईपर्यंत. धोतर चिंब, पायाला चिखल. मी बाहेर येऊन मुलगी झाली सांगितलं तवा म्हणाले, पाणी पुरलं का? मला रडू कोसळलं, किशन. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं मला कधी विचारलं न्हाई, पाणी पुरलं का, आणलं कुणी.

अजून जमत काही न्हाई. घागर ठेवताना दर खेपेला उंबऱ्यावर सांडतात. दगडाबाईला शिकवायलेत की पाणी कसं शेंदावं. गुळाचा सांधा कसा चांगला होता, मुंग्यांनीच घात केला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. अक्कल आली असं समजू नको. पण रोज सकाळी मनकर्णा उठायच्या आत तिच्या न्हाण्याचं पाणी भरलेलं असतं, आन् माझ्या बी.

तुझा लिंबाजी परवा दुपारी आला. हे विहिरीवर होते. मी त्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली, ताक पाजलं, पोरगी दाखवली, तोटी ठेवून घेतली आन् आल्या वाटेनं परत लावून दिला. बिचारा कोड्यात पडला. म्हणाला, बाई, नळ बसवायचा न्हाई का? म्हणलं, बसवायचा, पण घाई न्हाई. त्याच्यावर रागावू नको, चूक त्याची न्हाई.

तोटी माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली हाय. ह्यायला काही सांगितलेलं न्हाई. मामंजींचा नळ येण्याआधी मी ह्या घरात कितीक पाणी वाहिलं, त्याची मोजदाद कुणी केली न्हाई, मी बी करायली न्हाई. फक्त अजून थोडे दिवस मला ओसरीवर बसून, नात मांडीवर घिऊन, हा माणूस वेशीतून घागर घिऊन येताना बघायचाय. तू पत्रात नळाचा विषय काढू नको. मी कळवीन तवाच लिंबाजीला धाड.

सगळ्यांनी सुखात राहा आन् आमच्यावर अशीच माया करा.

तुझी आक्का